मदत हवी आहे: जुन्या गाडीचं छत, सीट आणि साउंड, कमी पैशात आधी कशाला हात घालू?

नमस्कार मंडळी,

बाबांची १६ वर्षं जुनी हॅचबॅक आता माझ्याकडे आलीये. इंजिन ठणठणीत, गिअर मऊ पडतात, गंज कुठे नाही, म्हणून विकायचं मनातही नाहीये, पण आत बसलं की जीव तुटतो. छताचं कापड मागून सुटून लोंबतंय, नुसता हात लावला तरी पिवळट भुसा गळतो आणि मागे बसणाऱ्याच्या खांद्यावर, केसांत जाऊन बसतो. ड्रायव्हर सीटच्या दाराकडच्या कडेचं रेक्झिन चढता-उतरता घासून फाटलंय. डाव्या बाजूला पुढच्या मॅटखाली पावसाळ्यात कायम ओल असते आणि रात्रभर काचा बंद राहिल्या की सकाळी कुबट वास.

साउंडचं दुखणं वेगळंच. मूळ कॅसेट प्लेअर काढून मागच्या वर्षी टच स्क्रीनवाला टू-डिन (दुप्पट उंचीचा) स्टिरिओ बसवून घेतला, सोबत पुढच्या दारांत साडेसहा इंची नवे स्पीकर. तेव्हापासून चावी काढली की घड्याळ, रेडिओची स्टेशनं, सगळ्या सेटिंगा पुसल्या जातात, अॅक्सिलरेटर दिला की गाण्यामागे बारीक कुईंऽऽ ऐकू येतं आणि ते इंजिनाबरोबर चढतं-उतरतं, आणि डावं दार जरा बास आला की खर्रर्र वाजतं. ज्यांनी बसवलं त्यांच्याकडे दोनदा जाऊन आले, ते म्हणतात अॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारा अॅम्प्लिफायर) आणि सबवूफर (फक्त बासचा मोठा स्पीकर) टाका म्हणजे हे काही ऐकूच येणार नाही.

पैसे एवढेच आहेत की सीट, छत आणि अॅम्प-सब यातलं एकच काम बाहेरून होईल, बाकी मला हाताने करावं लागेल. सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर आहे, शनिवार-रविवार मोकळे आहेत. क्रम काय ठेवू? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा.

तांब्याची_तार:
ताई, अॅम्पवर एक रुपयाही घालू नका अजून. सेटिंगा पुसल्या जातायत म्हणजे स्टिरिओला कायमचा सप्लाय मिळत नाहीये. स्टिरिओच्या मागे पिवळी वायर कायम १२ व्होल्टची आणि लाल चावीवर चालणारी असते, पण गाडीच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या प्लगमध्ये, ह्या दोन जागा उलट असू शकतात, आणि बसवणारा घाईत रंगाला रंग जोडून मोकळा होतो. चावी काढून पिवळीवर मीटर लावा, शून्य आलं तर चोर सापडला. मात्र दोन्ही एकत्र करून कायमच्या सप्लायला जोडू नका, बॅटरी उतरेल.

कुईं आवाज बहुतेक वेळा अर्थिंगचा असतो. स्टिरिओची काळी वायर कुठे कसलीये बघा, रंग दिलेल्या पत्र्यावर असेल तर रंग पॉलिश पेपरने घासून उघड्या धातूवर घट्ट कसा. त्याआधी एक सोपी गोष्ट, मोबाइल चार्जिंगला लावून ऑक्सच्या वायरने गाणी ऐकत असाल तर चार्जर काढून ऐका, कधी कधी तेवढ्यानेच जातं.

डॅश उघडायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि एअरबॅग असेल तर दहा मिनिटं थांबा. पिवळ्या वेष्टनातल्या जाड वायरी आणि पिवळे कपलर दिसले तर तिथे हात नको, मीटरही नको.

बास_हवाच:
मी तरी म्हणेन छोटा अंडरसीट सब टाका. माझ्या जुन्या गाडीत टाकला आणि रोजचा प्रवास बदलला, छताकडे लक्षच जात नाही आता.

उजवा_इंडिकेटर:
सब चांगलाच, पण खडखडणाऱ्या दारात अजून बास ओतला तर दार अजून खडखडणार. शिवाय डब्यावर ५०×४ वॅट लिहिलेलं असतं ते क्षणभराचं, स्टिरिओ सलग देतो चॅनलला, म्हणजे एकेका स्पीकरला, साधारण १५ ते २० वॅट, आणि छोट्या गाडीला तेवढे पुरतात. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला तो किती मोठा वाजतो तो आकडा) ३ डेसिबलने जास्त असेल तर तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर लागते, म्हणून पुढे कधी स्पीकर बदलाल तर वॅटपेक्षा तो आकडा बघा.

मला वेगळाच संशय येतोय. ओल डावीकडे, खर्रर्र डावीकडे, आणि दोन्ही दारं मागच्या वर्षी उघडली गेलीत. डोअर पॅडच्या (दाराच्या आतल्या आवरणाच्या) मागे प्लास्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो. काचेवरून पाणी दाराच्या आत उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर जायचं असतं आणि पडदा त्याला आत येऊ देत नाही. स्पीकर बसवताना तो फाडला असेल तर पाणी पॅडच्या मागून ओघळून मॅटखाली जातं. पावसाळा नसताना, नुसता एसी लावूनही ओल येत असेल तर मात्र एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय, ते वेगळं. ओल कधीपासून आहे?

धागाकर्ती:
आता आठवून बघितलं, स्टिरिओ बसवायच्या आधीच्या पावसाळ्यात ओल नव्हती! बाबा मॅट काढून धुवायचे, त्यांनी कधी म्हटलं नाही. रविवारी पॅड उघडते.

कुशनवाला:
घरचा धंदा कुशनचा आहे म्हणून छताबद्दल सांगतो. तो पिवळा भुसा म्हणजे कापडाच्या पाठीचा फोम, उन्हाने सडलेला. त्यावर नुसतं सोल्यूशन (चिकटवायचा गोंद) मारून कापड परत चिकटवाल तर दोन महिन्यांत खाली येईल, कारण सोल्यूशन धरेल भुशाला आणि भुसा कशालाच धरत नाही. टाचण्या, स्टेपल तर नकोच. छताचा बोर्ड बाहेर काढा, जुनं कापड सोलून टाका, मग नायलॉनच्या मऊ ब्रशने सगळा फोम निघेपर्यंत घासा, तोंडाला मास्क लावून. तारेचा ब्रश नको, बोर्डाचा पुठ्ठा उकलतो. हात फिरवल्यावर काही लागलं नाही पाहिजे, ह्यातच अर्धा दिवस जातो आणि खरं काम हेच आहे.

मग फोमची पाठ असलेलं छताचंच कापड घ्या, पडद्याचं नको. सोल्यूशन जास्त उष्णता सहन करणारं मागा, साधं उन्हात मऊ होतं. बोर्डाला आणि कापडाला दोन्हीकडे मारायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मधून कडेकडे दाबत जायचं. खोलगट जागी कापड ताणू नका, आधी खोलात बसवा मग पुढे सरका, नाहीतर तिथूनच सुटतं.

सीटचं म्हणाल तर फक्त फाटलेली कड बदलून शिवता येते, अख्खं कव्हर लागत नाही. शिवण उसवून तो तुकडा नमुना म्हणून जपून ठेवा. सीटच्या बाजूला एअरबॅगची चिठ्ठी असेल तर तिथे हात लावू नका, जाड कव्हरही चढवू नका.

धागाकर्ती:
मंडळी, फोटो टाकता येत नाहीयेत म्हणून लिहूनच सांगते. डाव्या दाराचा पडदा स्पीकरभोवती ताटाएवढा फाडलेला, उरलेला घडी घालून आत कोंबलेला. स्पीकरला चारपैकी दोनच स्क्रू, आणि पॅडच्या तीन क्लिपा तुटक्या. वरून काचेवर मगाने हळूहळू पाणी ओतलं आणि टॉर्च धरून बसले, तर एक धार वायरच्या जुडीवरून सरळ आत आली आणि कार्पेटच्या कडेला टपटपायला लागली. इतके महिने मी मॅट वाळवत बसले होते!

पिवळी वायर चावी काढल्यावर शून्य. लाल आणि पिवळी अदलाबदल करून सोल्डर केली, वर श्रिंक ट्यूब, आता घड्याळ राहतंय. अर्थिंग खरंच रंगावर होतं, घासून कसल्यावर कुईं जवळजवळ गेलं.

उजवा_इंडिकेटर:
वा! आता दार बंद करायच्या आधीच डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट शीट) लावून घ्या, पॅड दोनदा उघडायला नको. ब्युटाइल रबराचीच घ्या, डांबराची उन्हात वितळते आणि वास मारते. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, बाहेरच्या पत्र्यावर बोटाने टकटक करा, डब्यासारखा वाजेल तिथे तुकडा, साधारण पाव भाग झाकला तरी पुरे. खालची पाण्याची भोकं उघडीच ठेवा. नवा पडदा जाड प्लास्टिकचा कापून ब्युटाइल टेपने चिकटवा, वायरी जिथून जातात तिथे नीट दाबून.

धागाकर्ती:
केलं. दोन्ही दारं झाली, शीट, पडदा, चार-चार स्क्रू, नव्या क्लिपा. दार लावल्यावरचा आवाजच बदललाय, आधी पत्रा वाजायचा, आता धप्प होतं. आणि तेच स्पीकर, तोच स्टिरिओ, पण बास दिसतोय... म्हणजे ऐकू येतोय! अॅम्प-सब रद्द. बाहेरून फक्त सीटची कड शिवून घेणार, छत मीच करणार. कुशनवाला दादा, एकच प्रश्न, बोर्ड एवढा मोठा, तो गाडीतून बाहेर काढायचा कुठून?

कुशनवाला:
डिकीच्या दारातून. लाइट, सनव्हायझर, हँडल आणि खांबांची प्लास्टिकं आधी काढा, लाइटचे कपलर सोडवायला विसरू नका. मागची सीट पाडा, पुढच्या दोन्ही पूर्ण मागे झोपवा, आणि बोर्ड दोघांनी दोन टोकांना धरून आडवाच सरकवा. वाकवू नका, एकदा घडी पडली की ती रेघ नव्या कापडातूनही दिसते.