फोन बदलायचाय, पण गिऱ्हाइकांची मापं जुन्यातच अडकलीत

शिलाईवाली, इचलकरंजी
मी घरी ब्लाउज शिवते. मापांची वही कधी ठेवलीच नाही. बायका मापं बोलून पाठवतात, नाहीतर जुन्या ब्लाउजवर टेप ठेवून फोटो. नऊ वर्षांचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. गेल्या आठवड्यात फोन ओट्यावरून पडला, तेव्हापासून वरची बोटभर पट्टी टचच घेत नाही. नवा अँड्रॉइडच आणलाय, अजून खोक्यात आहे. मुलगा म्हणतो, "आई, गूगलवर असतंय सगळं." फोन आडवा करून कसंबसं सेटिंग उघडलं, तर शेवटचा बॅकअप फेब्रुवारीतला! जागा भरलीय म्हणे. दुकानदार म्हणाला ३०० रुपये द्या, फोन ठेवून जा, लॉकपण सांगा. बायकांचे ब्लाउज घालून काढलेले फोटो आहेत त्यात, परक्याच्या हातात कसा देऊ? पैसे भरून जागा वाढवू का? गौरी-गणपतीची घाई डोक्यावर आहे.

माऊसवाला
ताई, दुकानात देऊ नका आणि जागाही विकत घेऊ नका. गूगलची फुकटची १५ जीबी मेल, फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप मिळून असते, म्हणून भरली. तुम्हाला ती लागतच नाही. दोन्ही फोन अँड्रॉइड आहेत ना, मग जुन्यातल्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स. नव्यात व्हॉट्सअ‍ॅप टाकून तोच नंबर आणि ओटीपी दिला की तो विचारतो, जुन्या फोनवरून घ्यायचं का. इथे घाईत 'स्किप' दाबू नका, बहुतेकांचं इथेच फसतं. 'हो' म्हटलं की नव्यावर क्यूआर येतो, तो जुन्याने स्कॅन करायचा. वायफाय आणि लोकेशन दोन्हीकडे चालू, दोन्ही चार्जिंगला, शेजारी शेजारी.
टचसाठी ओटीजीची पिन घ्या, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या जागी बसणारा छोटा जोड, आणि त्यात मुलाच्या कॉम्प्युटरचा माऊस लावा. स्क्रीनवर बाण येतो, मेलेल्या पट्टीवरही क्लिक होतं.

निवृत्त कॅशियर
नंबरांचंही बघा. काही सिमवर, काही फोनमध्ये, काही जीमेलमध्ये असे विखुरलेले असतात. सिमवर नाव अर्धंच मावतं, आमच्या हिचे तीन 'सुनं' आहेत, सुनंदा कुठली ते फोन लावल्यावर कळतं. कॉन्टॅक्ट्समधून एक्सपोर्ट करून फाइल स्वतःलाच मेल करा.
यूपीआय तर कॉपी होतच नाही. बँकेतला नंबर ज्या सिमवर आहे ते नव्या फोनात घालून परत नोंदणी करावी लागते. त्या वेळी फोनमधून एक एसएमएस जातो, तेव्हा रिचार्ज संपलेला नको. आणि जुना फोन पंधरा दिवस तरी पुसू नका.

शिलाईवाली
झालं! माऊस लावला, बाण आला, पोरगा बघतच राहिला. २१ जीबी जायला पाऊण तास लागला, तोवर दोन अस्तरं कापून झाली. रेकॉर्डरमध्ये मी स्वतः बोलून ठेवलेली मापं मात्र आली नाहीत, ती व्हॉट्सअ‍ॅपची नव्हतीच. तेवढ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या.
२०१९ मधली कोपऱ्यावरच्या वहिनींची मापं पण ऐकू आली, "छाती चौतीस, बाही सहा." आता त्यांना चाळीस लागतं, पण ते मी त्यांना सांगत नाही, गुपचूप शिवते.

माऊसवाला
पिन कितीला पडली?

शिलाईवाली
साठ. ३०० मधले उरलेले फॉलला गेले.