घरी किंवा पार्किंगमध्ये मेकॅनिक येणार असेल तर आधी काय काय करून ठेवता? अनुभव लिहा

सायन_सर्कल:
गरमी सुरू झाली. आमच्या सोसायटीच्या गेटवर रोज सकाळी कुणाचा ना कुणाचा एसीवाला रजिस्टरमध्ये नाव लिहीत उभा असतो, म्हणून हा धागा. एसी, फ्रिज, गॅस, इंटरनेट, पार्किंगमधली गाडी, काहीही चालेल. माणूस यायच्या आधी तुम्ही काय करून ठेवता, कशामुळे काम पटकन झालं, कशामुळे अडलं ते लिहा. कंपन्यांची नावं घेऊन भांडणं नकोत प्लीज, त्यासाठी वेगळा धागा काढू.

सुरुवात माझ्यापासून. आमच्याकडे कुणीही येणार म्हटलं की आई घर आवरायला घेते, म्हणजे दिवाणावरची चादर बदलते, टीपॉयवरचे पेपर उचलते, आणि ज्या कोपऱ्यात वॉशिंग मशीन आहे तिथे कपडे वाळत घालायचं स्टँड, दोन बादल्या, कांद्याची टोपली आणि मोडक्या छत्र्या जिथल्या तिथे. अगं आई, तो हॉल बघायला येत नाहीये. त्याला मशीन पुढे ओढायला जागा पाहिजे, जवळ चालू प्लग पाहिजे आणि मशीनचा नळ बंद होत असला पाहिजे. आमचा तो नळ इतका जाम होता की फिरेचना, शेवटी गच्चीवर जाऊन आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करावा लागला आणि त्याच लाइनवर खालचे सगळे फ्लॅट, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू डोक्याला शाम्पू लावून बसलेल्या. त्या अजून ऐकवतात. आता कंप्लेंट नोंदवली की मी पहिल्यांदा तो नळ फिरवून बघते.

चौदावा_मजला:
आमच्याकडे एसीपेक्षा कबुतरांचाच त्रास जास्त. आउटडोअर युनिट खिडकीबाहेर छज्जावर, आणि जाळीवाल्याने जाळी अशी गच्च ताणून मारलेली की सर्व्हिसवाल्याला हात घालायला जागा नाही, तो म्हणाला जाळी कापू का? कापली तर कबुतरं आत, नाही कापली तर सर्व्हिस अर्धी. नवीन जाळी मारताना एका बाजूला हुकावर उघडबंद होईल असा भाग ठेवून घेतला, जास्त पैसे घेतले नाहीत त्याने. युनिटवरची वाळलेली घाण मात्र झाडूने झाडू नका, ती धूळ फुप्फुसांना वाईट, आधी पाणी मारून ओली करा आणि मास्क लावा. आणि बाहेर उतरायचं असेल तर सेफ्टी बेल्ट आहे का हे मी बुकिंगच्या वेळीच विचारतो. 'साहेब रोजचं काम आहे' हे उत्तर चालत नाही आमच्याकडे, बेल्ट नसेल तर दुसऱ्या दिवशी या.

पाना_पकड:
मी स्वतः एसी-फ्रिज लाइनमध्ये आहे, दिव्याहून येतो, बांद्रा ते अंधेरी एरिया. बरं झालं कुणीतरी विचारलं. आमच्या बाजूने थोडं सांगतो.

स्प्लिट एसीच्या खाली बहुतेक ठिकाणी बेड असतो. बेड सरकवता येत नसेल तर गादी बाजूला करा आणि प्लायवर जुनी चादर टाका, कारण मला युनिटसमोर घोडा (दोन पायांची शिडी) उभा करायचाय नाहीतर बेडवर उभं राहायचंय. बऱ्याच लोकांना बेडवर पाय दिलेला चालत नाही, त्यांचंही बरोबर आहे, पण मग घोडा कुठे लावू? सोसायटीत घोडा असतो, वॉचमनकडे आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण बाइकवर जेट पंप, टूलकिट आणि गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा माणूस शिडी कुठून आणणार. जेट पंप बादलीतून पाणी खेचतो. तुमच्याकडे दुपारी पाणी जात असेल तर दोन बादल्या भरून ठेवा, आणि एक रिकामी. ती रिकामी बादली जॅकेटच्या (धुताना एसीखाली बांधतो ती प्लास्टिकची पिशवी) पाइपखाली लागते, त्यात जे काळं पाणी उतरतं ते बघितल्यावर कस्टमर स्वतःच म्हणतो की दर वर्षी करून घेऊ. ही पाण्याची बादली बेसिनमध्ये ओतू नका, टॉयलेटमध्ये ओता, त्यात चिकट काळी घाण असते ती जाळीत अडकते.

आम्ही यायच्या थोडं आधी एसी लावून ठेवा. आल्या आल्या कूलिंग किती आहे, पाणी टपकतंय का, आवाज कुठून येतोय ते कळतं. आणि एक, जो कुणी न तपासता 'गॅस कमी आहे' म्हणेल त्याला विचारा लीक कुठे आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. लीक न शोधता भरला तर पुढच्या सीझनला परत तेच. नवीन एसीत बहुतेक आर३२ नावाचा गॅस असतो, तो थोडा ज्वलनशील आहे, त्यामुळे पाइपच्या जोडणीचं काम चालू असताना शेजारी देवघरात दिवा किंवा उदबत्ती नको. सकाळी दहाला गेलो की दहातल्या निम्म्या घरात दिवा चालू असतो, सांगायला पण कसंतरी वाटतं.

मे महिन्यात फोन करून आजच या म्हणू नका हो. जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही मोकळे असतो, काम पण निवांत होतं. आणि रविवारचा स्लॉट घेताना मेगाब्लॉक कुठल्या लाइनला आहे ते बघा, माणूस लोकलने येणार असेल तर दहाचा बारा होणारच.

सायन_सर्कल:
@पाना_पकड मस्त लिहिलंत. चहा विचारावा की नाही?

पाना_पकड:
पाणी विचारा. चहा चारपाच घरी झाला की ॲसिडिटी होते. आणि बाथरूम वापरू दिलंत तर खरंच उपकार, दिवसभर बाहेर असतो.

मुलुंडची_मावशी:
माझं थोडं उलटं सांगणं आहे, फार आवरून ठेवू नका! फ्रिजच्या फ्रीजरला मागच्या बाजूला बर्फाची भिंत जमत होती, कंप्लेंट केली, आणि आमच्या यांनी माणूस यायच्या आदल्या रात्री फ्रिज बंद करून सगळा बर्फ वितळवून, पुसून लखलखीत करून ठेवला. माणूस आला, म्हणाला मावशी यात तर काहीच नाही, बर्फ कुठल्या बाजूला होता, जाळीवर होता की पंख्याजवळ, हीटर बंद पडलाय की सेन्सर, कसं सांगू? व्हिजिट चार्ज घेऊन गेला. दुसऱ्या वेळी मी हातही लावू दिला नाही कुणाला, बर्फ दिसत होता तसाच दाखवला आणि अर्ध्या तासात डीफ्रॉस्ट हीटर गेलाय म्हणून सांगितलं. दुधाच्या पिशव्या, लोणची, भाज्या तेवढ्या शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवून आले.

वॉशिंग मशीनचा आवाज येतो पण माणूस आला की येत नाही, हे तर सगळ्यांचंच. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, आणि स्क्रीनवर एरर कोड आला की त्याचा फोटो. फ्रंट लोडला खाली कोपऱ्यात एक झाकण असतं, त्यामागे फिल्टर. पाणी जात नाही म्हणून बोलावणार असाल तर आधी तो उघडून बघा, खाली ताट आणि पोतेरं ठेवून, बदाबदा पाणी येतं. आमच्या फिल्टरमधून नाणी, यूपिन आणि मंगळसूत्रातले काळे मणी निघाले. कंप्लेंट कॅन्सल.

माहीम_वेस्ट:
+१ व्हिडिओला.

तानसाचं_पाणी:
पाण्याच्या फिल्टरवाल्याबद्दल लिहितो कारण यात तयारी घराची कमी आणि डोक्याची जास्त लागते. सर्व्हिसला आलेला मुलगा बॅगेतून एक उपकरण काढतो, दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं (क्षार काढून टाकणाऱ्या फिल्टरचं), त्यात दांड्या बुडवतो, वीज सोडतो आणि नळाचं पाणी तांबडं-काळं होतं. आमच्या सासूबाई घाबरल्याच, हे पाणी पितो आपण? ती घाण पाण्यातली नसते हो, दांडी लोखंडाची असते, वीज गेली की तीच झिजून पाण्यात उतरते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज धड वाहत नाही, म्हणून तो ग्लास स्वच्छ राहतो. नळाच्या पाण्यातल्या जंतूंबद्दल यातून काहीच कळत नाही.

मुंबईत महापालिकेचं पाणी सात तलावांतून येतं, अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी, सगळं पावसाचं साठलेलं पाणी, बोअरसारखं खारट नाही. भारतीय मानकात टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आमच्या नळाचं त्याच्या आसपासही जात नाही. २०१९ साली केंद्र सरकारने शहरांतल्या नळाच्या पाण्याचे नमुने तपासून घेतले त्यात मुंबईचे सगळे नमुने पास झाले होते. आता सोसायटीची टाकी घाण असेल, पाइप गटाराजवळून जात असेल तर प्रश्न वेगळा, त्याला टाकी धुवा आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा फिल्टर) लावा. टँकर किंवा बोअर असणाऱ्यांनी टीडीएस मोजून मग ठरवावं. तर माझी तयारी अशी, टीडीएस मीटर घरात ठेवलाय (ऑनलाइन स्वस्तात मिळतो), मागच्या वेळी कुठली कॅन्डल कधी बदलली ती तारीख फिल्टरच्याच बाजूला स्केचपेनने लिहून ठेवतो, आणि काढलेली जुनी कॅन्डल माझ्याकडेच ठेवून घेतो. न्यायची म्हणाले तर देत नाही.

गिरगावची_सून:
तुमच्याकडे बेड सरकवायचा प्रश्न, आमच्या चाळीतल्या खोलीत माणूस आला की आम्हीच सरकतो, सासरे गॅलरीत खुर्ची टाकून आणि मी शेजारच्या वहिनींकडे. आमच्याकडे गीझर मोरीच्या वर आहे. माणूस यायच्या निदान दोनतीन तास आधी बंद करून नळ सोडून गार पाणी येईपर्यंत वाहू द्या, नाहीतर उकळत्या टाकीला हात कोण लावणार. मेन स्विच कुठला आणि मीटर कुठला हे पण आधी शोधून ठेवा. आमचे सगळे मीटर खाली जिन्याखाली एका खोपटात, कुलूप लावलेलं, आणि मीटरवर नावं अजून आजोबांच्या पिढीची. कुठला आमचा ते सासऱ्यांनाच माहीत. त्यांनी खडूने फुली मारून ठेवलीये.

बेसमेंट_टू:
गाडीवाले कुणीच दिसत नाहीत, मी लिहितो. पार्किंग दुसऱ्या बेसमेंटला, बॅटरी झोपलेली, मदत मागवली, तर टोइंगचा फ्लॅटबेड उंचीमुळे रॅम्पवरून खाली येईना. आता कंप्लेंट लिहितानाच मी बेसमेंटची उंची (रॅम्पच्या तोंडावर लिहिलेली असते) आणि ऑटोमॅटिक गाडी आहे हे लिहितो. ऑटोमॅटिकमध्ये बॅटरी गेली की लिव्हर पी (पार्क) मधून हलत नाही, बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या बाजूला एक छोटं झाकण असतं, त्यात चावी किंवा स्क्रूड्रायव्हर दाबून धरला की लिव्हर न्यूट्रलला नेता येतो. तुमच्या गाडीत ते कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आत्ताच बघून ठेवा, बेसमेंटला नेटवर्क नसतं. बटणाचा हँडब्रेक असेल तर तो बॅटरीशिवाय सुटत नाही, त्याला जंपस्टार्ट लागणारच. रिमोटच्या आत एक लोखंडी चावी लपलेली असते, दरवाजा त्याने उघडतो, हे माझ्या बिल्डिंगमध्ये निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

डिकी रिकामी करा. स्टेपनी आणि जॅक डिकीच्या तळाशी असतात आणि त्यावर आपण गावाला न्यायचं सामान, क्रिकेटचं किट, गणपतीच्या डेकोरेशनचं थर्माकोल (बंदी आहे म्हणता म्हणता अजून पडलेलं), सगळं ठेवतो. अलॉय व्हीलला चोरी होऊ नये म्हणून लॉकचा नट असेल तर त्याची चावी ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे ना ते बघा, ती नाही तर पंक्चरवाला पण हात वर करतो. घरून गाडी घेऊन जाणार असतील तर मीटरचा, पेट्रोलच्या काट्याचा आणि चारी बाजूंचा फोटो काढून ठेवा.

पाऊस येतोय म्हणून एक, गाडी पाण्यात बुडाली असेल तर माणूस यायच्या आधी 'चालू होते का बघू' करू नका. इंजिनात पाणी गेलेलं असताना स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आपटतो, रॉड वाकतो, आणि मग साध्या इन्शुरन्समध्ये ते धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्शनचं ॲडऑन लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा कलिनाला मामाची गाडी स्टेअरिंगपर्यंत पाण्यात होती, पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी हौसेने धक्का मारून चालू करायचा प्रयत्न केला. फोटो काढा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि हात जोडून उभे राहा.

ओट्याखाली:
पाइप गॅसच्या सेफ्टी चेकिंगला माणूस आला की त्याला मीटर, व्हॉल्व्ह आणि शेगडीमागची रबरी नळी दिसली पाहिजे. आमच्या मॉड्युलर किचनवाल्याने सगळं शटरच्या आत कोंडलेलं, व्हॉल्व्हपर्यंत पोचायला डाळींचे डबे काढावे लागायचे. शटरला जाळी बसवून घेतली, आणि व्हॉल्व्हसमोर काही ठेवायचं नाही असा नियम. दांडा पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवा असेल तर बंद, हे घरातल्या कामवाल्या मावशींना आणि मुलांनाही दाखवून ठेवलंय. येणाऱ्याचं ओळखपत्र बघा, आणि नळी विकायला आलेले वेगळे असतात, त्यांना चेकिंगवाले समजू नका.

चारकोप_सेक्टर:
फायबरवाला आला, वायर गच्चीवरून डक्टमधून खाली येते, गच्चीला कुलूप, चावी सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी लग्नाला सावंतवाडीला. तो माणूस तीन वेळा येऊन गेला, चौथ्यांदा कंप्लेंट परस्पर बंद, 'कस्टमर घरी नव्हते'. मी घरीच होतो, वर्क फ्रॉम होम, हॉटस्पॉटवर. आता वॉचमनकडे एक चावी ठेवायचा ठराव करून घेतलाय एजीएममध्ये (सोसायटीच्या वार्षिक सभेत), त्यावर पण पाऊण तास भांडण झालं.

सायन_सर्कल:
परस्पर बंद होण्यावरून आठवलं, काम संपल्याचा ओटीपी काम संपल्यावरच द्या. 'आधी सांगा मॅडम, सिस्टिम स्लो आहे' म्हणाले तरी मशीन एक फेरी फिरवून, पाणी निघून गेलेलं बघून मग.

पाना_पकड:
मॅडम ते बरोबर, पण ओटीपी ज्यांच्या मोबाइलवर येतो ते साहेब ऑफिसात मीटिंगमध्ये आणि आम्ही दारात अर्धा तास, असं पण होतं. जो घरी असणार आहे त्याचाच नंबर द्या बुकिंगला.