सुपर कॅरीचे पुढचे शॉकअप घरी बदलता येतात का? (नाशिक)

गिरणारेकर
राम राम मंडळी. माझ्याकडे २०१९ ची सुपर कॅरी (मारुतीचा छोटा मालवाहू टेम्पो) आहे, सीएनजी, लाखाच्या वर पळालीय. टोमॅटोचे क्रेट भरून गिरणाऱ्याहून पिंपळगावला नाहीतर नाशिकच्या मार्केट यार्डात असं रोजचंच रनिंग, आणि रस्त्यांचं तर काय सांगू, २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांनी सगळीकडे खणून ठेवलंय. आता महिनाभर झाला पुढून डाव्या बाजूने खडखड येते, ब्रेक मारला की नाक खाली जातं आणि स्पीडब्रेकरवरून उतरली की दोन-तीनदा डुलत राहते. काल चाक पूर्ण वळवून आत बॅटरी मारून बघितलं तर डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा थर, उजवा कोरडा आहे.
गॅरेजवाला सामान-मजुरी धरून नऊ हजार म्हणतो आणि गाडी दोन दिवस ठेवायला सांगतो. सीझनमध्ये दोन दिवस गाडी उभी म्हणजे माल सडला. ब्रेक पॅड, ऑइल, फिल्टर मी घरीच करतो. बॉटल जॅक आहे, रिंग पाने आहेत, ट्रॅक्टरचा मोठा हातोडा आहे. विचारायचं असं की फक्त डावाच बदलला तर चालेल का, आणि ते स्प्रिंग दाबायचं अवजार लागतंच का? एका व्हिडिओत माणूस स्प्रिंगला तारेने बांधून काम करताना दिसला.

छोटा_हत्तीवाला
भाऊ काय एवढं घाबरतो, मी माझ्या गाडीचे चारी शॉकअप अर्ध्या तासात बदललेत, वरचा एक नट खालचा एक नट, ओढायचा आणि नवीन टाकायचा. नऊ हजार कसले देतो.

सातपूरचा_फिटर
वरच्या भाऊंचं त्यांच्या गाडीपुरतं बरोबर आहे, पण छोटा हत्तीला (टाटा एस) पुढे पाटे म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात, गाडीचं वजन पाट्यांवर आणि शॉकअप नुसता बाजूला लावलेला, म्हणून तो सुटा निघतो. सुपर कॅरीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप, त्याच्याभोवती कॉइल स्प्रिंग आणि डोक्यावर माउंटिंग नि बेअरिंग असा सगळा एकच खांब, त्यावरच पुढचं वजन आणि त्यावरच स्टेअरिंगबरोबर चाक फिरतं. गाडी उचलून चाक लोंबकळलं तरी स्प्रिंग मोकळी होत नाही, ती स्ट्रटच्या आत दाबलेलीच असते. म्हणून गिरणारेकर, एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, टॉपला मधोमध जो एकटा नट दिसतो तो गाडीवर असताना उघडायचा नाही म्हणजे नाही. बॉडीला धरणारे बाजूचे नट वेगळे, ते काढायचे. मधला नट स्प्रिंग न दाबता सोडला तर माउंटिंग गोळीसारखं सुटतं. मी कामाला लागलो तेव्हा आमच्या शेडच्या पत्र्याला एक खोक पडलेली होती, कशाने पडली ते नवीन पोराला पहिल्याच दिवशी सांगायचे. तार-दोरीवाला व्हिडिओ विसरा.
आता काम. हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. उचलल्यावर चेसीखाली घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावा, जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका, आणि विटा तर अजिबात नको, वीट फुटताना आधी सांगत नाही. मातीत करत असाल तर घोडीखाली जाड फळी. स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) जिथे दोन बोल्टने जोडलेत तिथे खडूने नव्हे, ओरखडा मारून खूण करा, नाहीतर कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल हलतो. बोल्टला आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. ठोकायची वेळ आली तर नट टोकाला दोन आटे ठेवून ठोका, नाहीतर आटे चेपतात आणि मग बोल्ट शोधत फिरा. ब्रेकचा पाइप स्ट्रटच्या क्लिपमधून आधी सोडवा, एबीएसची वायर असेल तर तीही. बोल्ट निघाल्यावर नकल बाहेर कलतो, त्याला चेसीला दोरीने बांधा, तो ब्रेकच्या पाइपवर लटकता कामा नये. एक बरं आहे, तुमच्या गाडीचा ड्राइव्ह मागे आहे, पुढे ॲक्सल नाही, त्यामुळे तो निसटायची भानगड नाही.
आणि एकच बदलू नका. एक बाजू नवीन कडक, दुसरी थकलेली, गाडी ब्रेकला ओढेल.

पाथर्डी_फाटा
फिटर काकांनी सगळं सांगितलंच, मी फक्त माझी फजिती सांगतो. (गाडी ईको, पुढचा प्रकार हाच.) दुकानातून दोन स्ट्रट आणले, डबे न उघडता घरी आलो, रविवारी डावं सगळं करून झालं, दुपारी उजव्याला हात घातला तर ब्रेक पाइपची क्लिप उलट्या बाजूला! दोन्ही डावेच दिले होते. दुकान बंद, गाडी घोडीवर, बायको म्हणते माहेरी जायचंय. डबा उघडून दोन्हीच्या ब्रॅकेट शेजारी शेजारी ठेवून बघा, आरशात बघितल्यासारख्या दिसल्या पाहिजेत.
दुसरं, खडखड आणि डुलणं ही दोन वेगळी दुखणी असू शकतात. डुलतं शॉकअपमुळे पण खडखड कधी कधी माउंटिंगची नाहीतर लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बॉल जॉइंटची असते. उभ्या गाडीत एकाला स्टेअरिंग हळू फिरवायला सांगा आणि स्प्रिंगला हात लावा. स्प्रिंग अडकून कट्कन सुटली तर बेअरिंग गेलं.

गिरणारेकर
पुतण्याला स्टेअरिंगवर बसवून बघितलं, हाताला चक्क झटका लागतोय. मग माउंटिंग, बेअरिंग पण घेऊ ना? आणि ते अवजार भाड्याने मिळतं का?

सातपूरचा_फिटर
माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर (दांड्यावरचा रबराचा ठोकळा), धुळीचं कव्हर, चारही नवीन घ्या, खांब उघडलाच आहे तर शंभर-दोनशेसाठी परत कोण उघडणार. वरचा नट पण नवीन, तो आवळून राहणारा असतो, दुसऱ्यांदा भरवसा नाही.
अवजाराचं माझं मत विचाराल तर, स्प्रिंग दाबायचे हुकवाले दोन स्क्रूचे कॉम्प्रेसर मिळतात पण पहिल्यांदा करणाऱ्याने घेऊ नयेत. ते समोरासमोर लावून दोन्हीकडे थोडं थोडं आवळावं लागतं, एक हुक घसरला की संपलं. तुम्ही स्ट्रट अख्खे काढा आणि ज्याच्याकडे भिंतीवरचा किंवा उभा कॉम्प्रेसर आहे त्याच्याकडे फक्त जुनी स्प्रिंग नवीन शॉकअपवर चढवून घ्या. पंधरा मिनिटांचं काम. तिथे उभं राहून तीन गोष्टी बघा: स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीच्या खाचेत बसलं का, बेअरिंग उलटं तर नाही, आणि नट आवळताना दांडा फिरू नये म्हणून पोरगं पकड लावत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. चकचकीत दांड्यावर पकडीचा ओरखडा म्हणजे सील फाटलं, महिन्यात परत तेल. दांड्याच्या टोकाला वर ॲलन की (षटकोनी पाना) धरायची जागा असते.
नवीन शॉकअप बसवायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा, आतली हवा निघते.

छोटा_हत्तीवाला
बरं झालं काका, मी चुकीचं सांगून बसलो होतो.

गिरणारेकर
केलं! रविवारी सकाळी सातला सुरू, दुपारी दोनला संपलं, त्यात दीड तास डावीकडचा खालचा बोल्ट. स्प्रे मारलेला तरी हलेना, शेवटी पान्याला बोअरचा पाइप घालून दोघं लोंबकळलो तेव्हा चर्रर्र करून सुटला. दोन्ही स्ट्रट टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून स्प्लेंडरच्या मागे बांधले आणि अंबडला एकाकडे स्प्रिंगा नवीन शॉकअपवर चढवून घेतल्या, एका स्ट्रटचे दोनशे घेतले. पकड उचललीच होती पोराने, मी ओरडलो.
डावं बेअरिंग उघडलं तर ग्रीसची काकवी झालेली आणि गोळ्या हातात आल्या. जुना शॉकअप दाबला की दाबलेलाच राहतो, वर यायचं नावच नाही. उजवा कोरडा दिसत होता पण तोही अर्धा गेलेलाच. सामान आणि स्प्रिंग चढवायचं धरून साडेपाच हजार झाले.
पेठ रोडला रिकामी मारून आलो, आवाज शून्य. फक्त सरळ जाताना स्टेअरिंग जरा डावीकडे वाकडं राहतंय, खुणेवर बसवलं होतं तरी.

सातपूरचा_फिटर
राहणारच, खूण अंदाजाची असते. अलाइनमेंट करून घ्या आणि तोपर्यंत लोड भरू नका, टायर आतून खाईल. जमिनीवर चाकं टेकलेली असताना खालचे दोन बोल्ट परत एकदा आवळून बघितले का?

गिरणारेकर
बोल्ट बघितले, पक्के आहेत. अलाइनमेंटवाला दहाला उघडतो आणि माझं भाडं पहाटे चारचं आहे. चुलतभावाची पिकअप मागतो उद्यापुरती.