मुरगाव बंदरात 'सुटकेस अणुबॉम्ब'?

प्रश्न: वास्कोत मेसेज फिरतोय, कंटेनरमधून अणुबॉम्ब येणार. आयोडीनच्या गोळ्या आणून ठेवू का?

उत्तर १: नको बाब. त्या फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड वाचवतात. सीझियम, कोबाल्ट अशा दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थांवर काडीचा उपयोग नाही. बॉम्बजोगं युरेनियम करायला हजारो सेंट्रिफ्यूज (गरगर फिरून युरेनियम वेगळं करणारी यंत्रं) लागतात, ते एखाद्या टोळीला जमण्यासारखं नाही.

उत्तर २: खरी काळजी भंगाराची. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत लिलावातल्या यंत्रातला किरणोत्सारी कोबाल्ट-६० भंगारात उघडा पडला, एक जण दगावला. किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह किंवा अनोळखी जड शिशाचं डबडं दिसलं तर हात लावू नका, लांब व्हा, ११२ लावा.

उत्तर ३: किरणोत्सारी धूळ अंगावर आलीच तर घरात शिरा, वरचे कपडे पिशवीत बांधा, साबणाने आंघोळ करा. केसांना कंडिशनर लावू नका, कण चिकटून राहतात.