केस कंपनीचा जुना स्टॉकमन चाकू मिळतोय, घ्यावा का? आणि कलेक्शन सुरू कसं करायचं?

ओहायोकर

नमस्कार मंडळी, इकडे अमेरिकेत आल्यापासून इस्टेट सेल आणि फ्ली मार्केटला जायचा नाद लागलाय आणि त्यात आता जुने अमेरिकन पॉकेट नाइफ डोक्यात शिरलेत. मला टॅक्टिकल वगैरे नकोत, ते आजोबा लोक खिशात ठेवायचे तसले हाडाच्या मुठीचे, बिनलॉकचे, स्प्रिंगवर चालणारे हवेत.

सध्या केस या अमेरिकन चाकू कंपनीचा एक स्टॉकमन, म्हणजे तीन पात्यांचा खिशातला चाकू, बघून ठेवलाय. पात्याच्या मुळाशी केस एक्सएक्स यूएसए (CASE XX USA) असा ठसा, त्याखाली सात ठिपके आणि मागच्या बाजूला ६३१८. मोठं पातं जरा बारीक वाटतंय, पात्यांवर काळपट डाग आहेत, बाकी मूठ मस्त. विकणारा म्हणतो "अँटिक आहे". हे खरं का, घेतला तर पॉलिश करून चकाचक करू का, आणि बजेट फार नसताना नेमकं काय जमवावं? एकेक ब्रँड धरावा की मिळेल ते घ्यावं?

धारवाला

अँटिक बिंटिक काही नाही, पण चाकू चांगला आहे. केसचे ठिपके म्हणजे कॅलेंडरच समजा. १९७० ला त्यांनी दहा ठिपके टाकले आणि मग दरवर्षी एक कमी करत गेले, म्हणजे सात ठिपके म्हणजे १९७३. मात्र केस मधला एस नीट बघा. १९८० पासून त्यांनी पुन्हा दहापासून मोजायला सुरुवात केली आणि तेव्हाचा एस विजेसारखा टोकदार आहे, गोल वळणाचा नाही. टोकदार असेल तर तुमचा चाकू १९८३ चा.

आकड्याचंही सोपं आहे. ६ म्हणजे खाचा पाडलेलं हाड, ३ म्हणजे तीन पाती, १८ हा पॅटर्न, म्हणजे स्टॉकमन. ५ असता तर शिंगाची मूठ. फक्त सत्तरच्या दशकात ६ नंबरच्या काही चाकूंना हाडाऐवजी डेलरिन प्लास्टिक लावलेलं असायचं, म्हणून भिंग घेऊन मूठ बघा, हाडात बारीक छिद्रं आणि रेषा दिसतात, डेलरिन सगळीकडे एकसारखं. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा, चाकूची वाट लागते.

आता तुमचं "बारीक वाटतंय" हे वाक्य. माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. पन्नास वर्षं कोणीतरी दगडावर घासलेलं पातं रुंदीला कमी होतं, आणि ते परत येत नाही. त्याच वर्षांतल्या ६३१८ चे फोटो काढून पात्याची रुंदी आणि टोकाचा आकार ताडून बघा, चाकू मिटल्यावर टोक आत किती खोल जातंय तेही बघा. निम्म्यापर्यंत झिजलेला असेल तर तो वापरायचा चाकू आहे, कलेक्शनचा नाही, आणि पैसेही तेवढेच द्यायचे. एकेक पातं उघडून-मिटून बघा, खटक्याचा आवाज कडक यायला हवा, उघड्या पात्याला आडवं हलवलं तर डगमगायला नको. तीनही पात्यांचा खटका सारखा असेल तर अर्धी लढाई जिंकली.

आणि पॉलिश?? अजिबात नाही!! तो काळपटपणा कार्बन स्टीलवर वापराने आपोआप चढतो, त्याने उलट पात्याचं रक्षण होतं. लाल गंज असेल तर तेल लावून कापडाने हलक्या हाताने काढा, बस. बफिंग व्हीलवर धरलेला चाकू जाणकार लांबूनच ओळखतो, ठशाच्या कडा गोल झालेल्या असतात, आणि मग भाव पडतो तो पडतोच.

निवांत_नाना

वरच्यांनी सगळं सांगितलंय, मी फक्त बजेटचं बोलतो. केसच्या मागे सगळी दुनिया लागलीय म्हणून तिथे भाव चढलेला असतो. तुम्ही श्रेड कंपनीचे ओल्ड टायमर चाकू बघा. न्यूयॉर्क राज्यात एलेनव्हिलला बनायचे, कार्बन स्टील, तपकिरी डेलरिनची मूठ, आणि इतके बनलेत की अजूनही फ्ली मार्केटच्या डब्यात पडलेले सापडतात. कारखाना २००४ ला बंद झाला, नाव दुसऱ्यांनी विकत घेतलं आणि त्यानंतरचा माल चीनचा. म्हणून पात्यावर श्रेडच्या खाली यूएसए आहे का तेवढं बघायचं, ८ओटी आणि ३४ओटी हे दोन स्टॉकमन सुरुवातीला बेस्ट. कॅमिलस या दुसऱ्या चाकू कंपनीचंही तेच झालं, २००७ ला बंद, नाव जिवंत, माल बाहेरचा.

अजून एक गंमत, इथे नावावर विश्वास ठेवायचा नाही कारण नाव एकाचं आणि कारखाना दुसऱ्याचा हे फार चालायचं. बक कंपनीच्या ३०० सिरीजचे सुरुवातीचे चाकू बकने स्वतः बनवलेच नाहीत, श्रेड आणि कॅमिलसने बनवून दिले. १९८२ पासून निघालेले रेमिंग्टनचे नवे बुलेट नाइफ पण कॅमिलसनेच केलेले. म्हणून मी ब्रँडऐवजी पॅटर्न धरतो, नुसते स्टॉकमन जमवतो. एका पात्याने कापायचं, दुसरं पातं शीपफूट, सरळ धारेचं, आणि तिसरं स्पे, जे गुरांचं खच्चीकरण करायला होतं म्हणून त्याला टोकच नाही (जेवताना हे कोणाला सांगू नका). दहा कंपन्यांनी तोच चाकू कसा वेगवेगळा केला हे शेजारी ठेवून बघण्यात जी मजा आहे ती एकाच कंपनीची कपाटं भरण्यात मला तरी येत नाही.

खिसेकापू

शिंगाचा विषय निघाला म्हणून सांगतो, जुन्या चाकूंवर जे सुंदर शिंग दिसतं ना ते बऱ्याचदा आपल्या भारतातल्या सांबराचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी भारताने निर्यात बंद केली आणि तेव्हापासून जुन्या साठ्यातल्या सांबर शिंगाचा भाव बघून डोळे पांढरे होतात. म्हणून ५ नंबरचा केस स्वस्तात मिळाला तर आधी शंका घ्या, मूठ नंतर बदललेली असू शकते. रिव्हेट ताजे दिसतायत का आणि मूठ बोल्स्टरला (मुठीच्या टोकाच्या धातूच्या तुकड्याला) नीट भिडलीय का ते बघा.

दुसरं म्हणजे सेल्युलॉइडच्या (एक जुनं प्लास्टिक) मुठीचे जुने चाकू घेतलेत तर ते बाकीच्यांबरोबर एका डब्यात ठेवू नका. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारचे चांगले चाकूही गंजतात. आणि कुठलाच चाकू चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवायचा नाही, चामडं ओलावा धरतं, वर कमावताना वापरलेली रसायनं असतात ती वेगळीच.

बोथट

सगळे जुन्याच्याच मागे का? टायटसव्हिल, पेनसिल्व्हेनियात ग्रेट ईस्टर्न कटलरी २००६ पासून जुन्या पद्धतीने १०९५ नावाच्या कार्बन स्टीलचे चाकू बनवतेय, नंबरातले शेवटचे दोन आकडे म्हणजे वर्ष, ठिपके मोजायची भानगड नाही. महाग आहेत आणि एकेक मॉडेल थोडंच काढतात हे खरं, पण झिजलेल्या पात्याची चिंता तरी नाही. आणि चाकू कापण्यासाठी असतो हो, काचेत ठेवून कोणाला दाखवणार?

ओहायोकर

खूप खूप धन्यवाद सगळ्यांचे. एस गोल आहे, म्हणजे १९७३. पण फोटोशी ताडून बघितलं तर मोठं पातं जवळजवळ तिसरा हिस्सा गेलंय. बाकीची दोन पाती जशीच्या तशी आणि मूठ हाडाचीच आहे, छिद्रं दिसली.

धारवाला

मग भाव करा राव. मोठं पातं गेलेला ६३१८ म्हणजे दाखवायला नाही पण खिशात ठेवायला एक नंबर, आणि बोथट म्हणतायत तसं कापायला तर आहेच. तो अँटिकच्या भावावर अडून बसला तर सोडून द्या, ६३१८ ढिगाने बनलेत, दुसरा मिळेल.