ड्युशेन: मुलाला पहिल्या टप्प्याच्या चाचणीत घालावं का?

मधुमालती
लेक आठ वर्षांचा आहे. ड्युशेन, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे करणारा जनुकीय आजार. त्या जनुकाचे ४८ ते ५० हे एक्सॉन, म्हणजे तुकडे, गायब. जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रेटत उभा राहतो. एक्सॉन ५१ वगळणाऱ्या (पेशीला तो तुकडा सोडून पुढचं वाचायला लावणाऱ्या) एका नव्या औषधाच्या पहिल्या टप्प्यासाठी आम्हाला विचारलंय. संमतिपत्र तीनदा वाचलं, पण दर वेळी एकाच वाक्यापाशी अडते: 'सहभागीला प्रत्यक्ष फायदा होईलच असे नाही.' मग त्याला सुया टोचून घ्यायच्या कशासाठी? कुणाचा मुलगा अशा चाचणीत होता का?

रानवाट
ताई, माझा होता. ते वाक्य अक्षरशः खरं धरा. पहिल्या टप्प्यात 'पोर बरं होईल का' हे बघतच नाहीत, औषध अंगाला सोसतं का आणि कितपत सोसतं, एवढंच बघतात. आम्ही पहिल्या गटात होतो, म्हणजे सगळ्यात कमी डोस. कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आशेच्या भरात माझ्या डोक्यात शिरलंच नाही. पुढे वर्षभर तो जिना चढताना मी पायऱ्या मोजत राहिलो. त्यालाही ते कळायचं. ती चूक तुम्ही करू नका.

एटेप्लिरसेनची सुरुवात कशी झाली ते सांगतो, तेही एक्सॉन ५१चंच औषध. लंडनला सात मुलांच्या पावलावरच्या एका लहानशा स्नायूत इंजेक्शन दिलं, दुसऱ्या पावलात नुसतं सलाईन. तो स्नायू निवडला कारण तपासणीसाठी त्याचा तुकडा काढला तरी चालण्यात फरक पडत नाही. पहिल्या दोघांना ०.०९ मिलिग्रॅम दिलं, डिस्ट्रोफिन, म्हणजे या आजारात स्नायूंना न मिळणारं प्रोटीन, वाढलं नाही. पुढच्या पाच जणांना दहापट दिलं, तेव्हा वाढलेलं दिसलं. हे २००९ साली छापून आलं. अमेरिकेत औषधाला सशर्त मान्यता मिळाली २०१६ला. त्या पहिल्या दोन मुलांशिवाय पुढच्या पाचांचा डोस कुणी ठरवला असता? मला ती दोघं फार जवळची वाटतात.

होकार द्यायच्या आधी विचारा: कमी डोसवाल्यांना नंतर वाढीव डोस मिळणार का? बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढणं, किती वेळा, कुठल्या स्नायूची? लघवीत प्रोटीन दिसलं, म्हणजे मूत्रपिंडाला त्रास होतोय असं वाटलं, तर औषध कोण थांबवणार? यात गेल्यावर दुसऱ्या चाचणीत घेतील का? आणि मुलाला विचारा. आठ वर्षांच्या पोराला 'नको' म्हणता येतं.

अबोली
दुसऱ्या चाचणीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. एक्सॉन वगळणारं औषध बंद केलं की त्याचा परिणाम हळूहळू ओसरतो. जीन थेरपीत मात्र जनुक विषाणूमार्फत पोचवतात. एकदा घेतली की त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, मग तीच परत सहसा देता येत नाही. तिथे कमी डोसच्या गटात जाण्याआधी दहादा विचार करावा.

मधुमालती
दादा, डोसचं मी विचारलंच नव्हतं, उद्या फोन करते. लेकाला आज सांगितलं. त्याचा एकच प्रश्न: बायोप्सीची खूण राहते का?

रानवाट
राहते. आमच्याच्या दंडावर बोटाच्या पेराएवढी आहे. भूल उतरल्यावर दोन दिवस हात दुखला, कपडे घालताना जास्त. त्याला हे असंच सांगा, कमी करून सांगू नका.