ऐकलेल्या, पाहिलेल्या, रंगवलेल्या जाहिराती : तुमचे अनुभव लिहा

विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ला, मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून. दूरदर्शनवर त्या आल्या १ जानेवारी १९७६ला. मी दूरदर्शनच्या पिढीतली, त्यामुळे ऐंशीच्या दशकातली सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी मला लख्ख आठवते. निरमा स्वस्तात घरोघरी पोचली होती आणि सर्फला आपली जास्तीची किंमत लोकांच्या गळी उतरवायची होती. म्हणून अलेक पदमसींच्या लिंटास या जाहिरात कंपनीने पैन्‌पैचा हिशेब ठेवणारी बाई उभी केली. कविता चौधरींनी ती इतकी ठामपणे साकारली की माझी आई टीव्हीसमोर तिच्याशी वाद घालायची, आणि वाण्याकडून निरमाच आणायची!

आज तसा युक्तिवाद जाहिरातीत क्वचितच ऐकू येतो. मला वाटतं, तेव्हा अख्ख्या घराला पटवावं लागायचं, आता एकेकट्याला मोबाइलवर गाठलं की पुरतं. तुमचा अनुभव काय? नुसती आवडत्या जाहिरातींची यादी नको. जाहिरात कुठे भेटली, तिच्यावरून घरात काय बोलणं झालं, ते लिहा.

नागपूर, निवृत्त शिक्षक

बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागायची. कार्यक्रमाचं नावच टूथपेस्टचं. म्हणजे गाण्यांच्या आडून माल विकणं आजचं नाही, हे आधी मान्य करू. आजच्यापेक्षा फरक एवढाच की बिनाकाने आपलं नाव लपवलं नव्हतं. पैसे कोणाचे, हे शाळकरी पोरालाही कळत होतं.

इचलकरंजी

माझे बाबा पेंटर. उन्हाळ्यात भिंतींची कामं यायची. कंपनीचा माणूस वितभर छापील नमुना देऊन जायचा. बाबा आधी भिंत खराट्याने झाडून घ्यायचे, मग चुन्याचे दोन हात. तो वाळला की निळीत बुडवलेली सुतळी दोन्ही टोकांना ताणून धरायची आणि मधोमध टिचकी मारायची. भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. एक टोक धरायचं काम माझं. सुतळी जरा सैल पडली की रेघ फाटायची आणि बाबा काही न बोलता ओल्या फडक्याने पुसून पुन्हा ताणायला सांगायचे. मग नमुन्यावर चौकोन पाडून तेच चौकोन भिंतीवर मोठे करायचे, खडूने अक्षरं काढायची आणि शेवटी ऑइल पेंट.

भिंत निवडायचे ती एसटीच्या रस्त्यावरची, शक्यतो वळणावरची, कारण तिथे गाडी हळू होते. धावत्या गाडीतून वाचता आलं पाहिजे म्हणून चार-पाच शब्दांपलीकडे मजकूर नसायचा. ज्याची भिंत त्याला घराची एक बाजू फुकटात रंगवून मिळायची.

फ्लेक्स आला आणि हे काम बघता बघता आटलं. चौरस फुटाच्या भावात, एका रात्रीत छापून मिळायला लागल्यावर दोन दिवस भिंतीशी कोण थांबणार? आज त्याच वळणावर वाढदिवसांच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात. मला ते बघवत नाहीत. हाताने काढलेल्या अक्षरात माणूस ओळखू यायचा. बाबांचा 'क्ष' मी अजून लांबून ओळखेन.

डोंबिवली

ताई, मी जोडाक्षरं वाचायला शिकलो ती एसटीच्या खिडकीतून, अशाच भिंतींवर. मामाच्या गावापर्यंत सगळ्या भिंती पाठ होत्या. थिएटरातलंही आठवतं: विको वज्रदंती पडद्यावर आली की पब्लिक सुरात साथ द्यायचं.

पुणे

१९९४ची कॅडबरीची जाहिरात. षटकार बसतो आणि फुलाफुलांच्या फ्रॉकमधली मुलगी सुरक्षारक्षकाला चुकवून नाचत मैदानात शिरते. मी तेव्हा कॉलेजात होते. चॉकलेट लहान मुलांना बक्षीस म्हणून द्यायचं, हेच तोवर डोक्यात होतं. मोठ्या मुलीने चारचौघांत असं मनमोकळं नाचावं, हे बघून हेवा वाटला होता. २०२१मध्ये ती बनवणाऱ्या ओगिल्वी या जाहिरात कंपनीनेच ती पुन्हा केली: मुलगी फलंदाज आणि मुलगा नाचत धावतो. माझ्या लेकीला त्यात विशेष काही वाटलं नाही. "मुली खेळतातच की," म्हणाली. तिला नवल वाटलं नाही, याचा मला फार आनंद झाला. बाकी हा धागा काढणाऱ्या ताईंनी सुरुवातीला मांडलेलं मला अर्धंच पटतं. युक्तिवाद आपल्याकडे नव्वदच्या दशकातच मागे पडला होता, मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी. वाहिन्या वाढल्या, लोकांच्या हातात रिमोट आला. मग समजावून सांगायला वेळ कोणाकडे होता?

नाशिक, आठवीची वर्गशिक्षिका

नागपूरच्या सरांचा मुद्दा धरून लिहिते. वर्गातली एक मुलगी गोरं करणारी क्रीम लावू लागली. चेहऱ्यावर पुरळ आलं. मी म्हटलं, जाहिरातीला भुललीस. तर म्हणाली, "मॅडम, ती जाहिरात नाही, ताई स्वतः वापरते." ही ताई म्हणजे रीलमधली. पैसे घेऊन शिफारस केली असेल तर तसं स्पष्ट लिहायला हवं, अशी जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे 'एएससीआय'ची मार्गदर्शक तत्त्वं २०२१पासून आहेत. पण ते लेबल बारीक अक्षरांत, कोपऱ्यात. आता ऑफ तासाला आम्ही रील लावतो आणि लेबल शोधतो. पोरं मन लावून शोधतात, भांडतातही. पालकांनो, घरीही करून बघा, कळकळीने सांगते.

डोंबिवली

इचलकरंजीच्या ताई, बाबांकडचे ते छापील नमुने आहेत का अजून? असतील तर फोटो टाका, आणि जपून ठेवा.

इचलकरंजी

नमुने कंपनीवाले परत न्यायचे. पण अक्षरांच्या सरावाच्या दोन वह्या ट्रंकेत आहेत. बाबांना विचारून टाकते.